तलवारीआधी जीभ: रोल-प्लेइंग गेममध्ये छाप पाडणारे पात्र कसे खेळावे

गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या खोलीत आम्ही चौघे शनिवारी रात्री आपापले लॅपटॉप घेऊन ‘बाल्डर्स गेट ३’ खेळायला बसतो. हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घ्यायचे आणि त्याच्या वतीने बोलायचे, लढायचे. आमच्यापैकी एकाने मोठ्या हौसेने बार्ड घेतला होता, म्हणजे गाणे-बजावणे आणि गोड बोलणे यांवर जगणारे पात्र. त्याचा कॅरिझ्मा, म्हणजे छाप पाडण्याची ताकद सांगणारा आकडा, १७ होता. पण पहिल्याच महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांच्या पुढे धावणारा बार्बेरियन दारातून आत शिरला, गेमने संवाद त्याच्याशीच सुरू केला आणि कॅरिझ्मा ८ असलेल्या त्या धिप्पाड गड्यावर समोरच्याचे मन वळवण्याची वेळ आली. फासा पडला, बोलणे फिसकटले, तलवारी निघाल्या. आमचा बार्ड मागे उभा राहून हे सारे ऐकत होता.

छाप पाडणारे पात्र घेतले की दारे आपोआप उघडतात, हा समज त्या रात्री संपला. योद्धा खेळणारा माणूस लढाईआधी शस्त्र, चिलखत, औषधे आणि उभे राहण्याची जागा यांचा विचार करतो. बोलके पात्र खेळणाऱ्याने संवादाआधी तितकाच विचार केला पाहिजे, कारण त्याची लढाई संवादातच होते. ही तयारी कशी करावी, हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे. ओघात काही जुन्या गेमच्या शेवटांचा उल्लेख येईल. ज्यांना तो नको असेल त्यांनी तेवढी वाक्ये गाळून वाचावीत.

पहिली पायरी: गेम शब्दांना कसे तोलतो, ते ओळखावे

‘कॅरिझ्मा’ हा आकडा १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळातून व्हिडिओ गेममध्ये आला. तेथे त्याचे मूळ काम अगदी व्यवहारी होते: तुमच्या पदरी किती माणसे राहतील आणि ती किती निष्ठेने राहतील, हे त्यावरून ठरे. पुढे प्रत्येक गेमने या कल्पनेला आपापले वळण दिले, त्यामुळे एका गेममधली सवय दुसऱ्या गेममध्ये अंगाशी येते. पात्र तयार करण्याआधी दहा मिनिटे खर्चून गेम कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहून घेणे म्हणूनच हिताचे असते.

पहिला प्रकार उंबरठ्याचा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) मध्ये स्पीच, म्हणजे बोलण्याचे कौशल्य, ५० लागत असेल आणि तुमच्याकडे ५० असेल, तर काम होते, ४९ असेल तर होत नाही. नशिबाचा संबंध नाही. तुमचा आकडा आणि लागणारा आकडा पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात, आणि आकडा कमी असला तर पर्यायातले वाक्यच असे बावळट लिहिलेले असते की ते निवडण्याची हिंमत होऊ नये. दुसरा प्रकार फाशांचा. त्यात ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) वीस बाजूंचा एक फासा टाकतो, तर ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) साधे दोन फासे. ‘फॉलआउट ३’ (२००८) मध्ये फासा दिसत नाही, पण प्रत्येक पर्यायासमोर यशाची टक्केवारी लिहिलेली असते, म्हणजे जात तीच.

तिसऱ्या प्रकारात तुमची आजवरची वागणूक तोलली जाते. ‘मास इफेक्ट’च्या २००७ सालच्या पहिल्या भागात मोहिनी आणि दरारा या दोन कौशल्यांवर पॉइंट खर्चावे लागतात, २०१० सालच्या दुसऱ्या भागात मात्र आतापर्यंत मिळू शकणाऱ्या संधींपैकी किती वेळा तुम्ही सज्जनपणे वागलात किंवा किती वेळा आडदांडपणे, यावरून कठीण पर्याय खुले होतात. आज सौम्य, उद्या उर्मट असे मनाला येईल तसे वागणाऱ्या खेळाडूला तेथे ऐन वेळी दोन्ही दरवाजे बंद मिळतात. या प्रकारात पहिल्या तासातच एक बाजू धरावी आणि ती सोडू नये.

आणखी एक फसगत टाळावी. बोलण्याची ताकद दरवेळी कॅरिझ्मा या नावाखालीच असेल असे नाही. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९) मध्ये उत्तम संवाद उघडतात ते मुख्यतः शहाणपण आणि बुद्धी यांच्या जोरावर, तर ‘विचर ३’ (२०१५) मध्ये समोरच्याचे मन वळते ते ॲक्सी या मंत्रखुणेने.

दुसरी पायरी: पात्र घडवताना हिशेब मांडावा

येथे थोडे गणित आहे आणि ते टाळू नये, कारण बोलक्या पात्राची निम्मी शक्ती याच गणितात असते. उदाहरण ‘बाल्डर्स गेट ३’चेच घेऊ.

सुरुवातीला सहा गुणांमध्ये वाटायला २७ पॉइंट मिळतात. त्यांतून कोणताही गुण १५ पर्यंत नेता येतो आणि वरून मिळणारे २ कॅरिझ्माला दिले की तो १७ होतो. गेम मात्र १७ हा आकडा थेट वापरत नाही, त्यावरून निघणारा, फाशावरच्या आकड्यात मिळवायचा लहान आकडा वापरतो: १६ आणि १७ या दोन्हींना ३, १८ला ४. म्हणजे सतरावा पॉइंट तूर्तास पडून राहतो. चौथ्या लेव्हलला आणखी एक मिळाला की १८ होऊन तो कामाला येतो. ज्या कौशल्यात पात्र तरबेज आहे त्याला पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंत आणखी २ मिळतात. तेव्हा कॅरिझ्मा १७ असलेला आणि मन वळवण्यात तरबेज असलेला बार्ड पहिल्या दिवशी फाशावर पडलेल्या आकड्यात ५ ची भर घालतो.

आता समजा, समोरच्याचे मन वळवायला १५ लागतात. फाशावर १० किंवा अधिक पडले पाहिजेत, म्हणजे वीसपैकी ११ बाजू आपल्या: ५५ टक्के. आमच्या बार्बेरियनला कॅरिझ्मा ८ मुळे उलट १ वजा होत होता, म्हणून त्याला १६ हवे होते: २५ टक्के. कोण बोलायला पुढे गेला, एवढ्या एका गोष्टीत यशाची शक्यता निम्म्याहून खाली आली.

५५ टक्के हा आकडासुद्धा फार समाधान मानावे असा नाही. तो वाढवण्याचे मार्ग पाहावेत. क्लेरिक किंवा ड्रुइड सोबत्याकडे गाइडन्स हा छोटा मंत्र असेल, तर फाशात आणखी १ ते ४ मिळतात आणि शक्यता ६७.५ टक्क्यांवर जाते. समोरच्यावर फ्रेंड्स हा मंत्र टाकला, किंवा एन्हान्स अबिलिटी या मंत्राचा कॅरिझ्मासाठीचा प्रकार आपल्या पात्रावर टाकला, तर फासा दोनदा पडतो आणि मोठा आकडा धरला जातो. त्याने शक्यता जवळपास ८० टक्के होते. दोन्ही एकत्र केले तर ती ८९ टक्क्यांवर पोहोचते. अपयशाची भीती ४५ वरून ११ टक्क्यांवर आली, आणि त्यासाठी एकही लेव्हल वाढवावी लागली नाही. फ्रेंड्सचा एक तोटा आहे: मंत्र उतरल्यावर समोरच्याच्या लक्षात येऊ शकते की आपल्याला भुरळ घातली होती, आणि मग तो भांडायला उठतो. जेथे पुन्हा तोंड दाखवायचे आहे, अशा दुकानदारावर तो वाया घालवू नये.

तिसऱ्या लेव्हलला बार्डला दोन कौशल्यांत तरबेजपणाचा भत्ता दुप्पट करून मिळतो. त्यातले एक मन वळवणे असावे, याविषयी दुमत नाही. दुसऱ्याविषयी माझे मत असे की धमकीऐवजी थाप मारणे घ्यावे, कारण धमकी जेथे चालते तेथे बहुधा विनवणीही चालते, पण खोटे बोलण्याची जागा दुसऱ्या कशानेच भरत नाही. पाचव्या लेव्हलला कॅरिझ्मा १८ झालेला बार्ड मन वळवताना फाशात १० ची भर घालतो. तेच १५ चे आव्हान तो कोणत्याही मंत्राशिवाय ८० टक्के वेळा पार करतो. बार्ड नको असेल तर सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन यांचीही मुख्य ताकद कॅरिझ्माच असते, त्यामुळे त्यांना बोलण्यासाठी लढाईतले काही गमवावे लागत नाही. सुरुवातीची वाटणी चुकलीच तर तळावर येणारा विदर्स १०० सोन्याच्या नाण्यांत पात्र नव्याने बांधून देतो.

तिसरी पायरी: बोलायला जाण्याआधी हात भरलेले असावेत

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे.

द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे व्यापारी बागेत येतो, तेव्हाचा भाव नुसत्या गोड बोलण्यावर ठरत नाही. ज्या बागायतदाराने मण्यात साखर किती उतरली आहे ते आधीच मोजून ठेवले आहे आणि शेजारच्या बागेचा सौदा काल काय दराने झाला हे ज्याला ठाऊक आहे, तो दोन वाक्यांत बोलतो आणि त्याचे ऐकले जाते. चांगले लिहिलेले गेमही असेच वागतात.

याचा सर्वांत सुंदर दाखला पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये, म्हणजे १९९७ साली सापडतो. तेथला खलनायक मास्टर साऱ्या माणसांना सुपर म्यूटंट बनवू पाहतो, कारण त्याच्या मते तीच पुढची श्रेष्ठ जात आहे. शेवटच्या भेटीत त्याला सांगता येते की हे म्यूटंट वांझ आहेत, तेव्हा ही जात एका पिढीत संपेल. पण नुसते सांगून तो मानत नाही. ब्रदरहूड या संघटनेतल्या व्री या अभ्यासक बाईंनी केलेल्या तपासणीचा अहवाल तुमच्या पिशवीत असावा लागतो. तो दाखवला की शत्रू गोळी न झाडता कोसळतो आणि आपली योजना स्वतःच मोडीत काढतो. हा अहवाल ज्याने वाटेत थांबून, माणसांना प्रश्न विचारून मिळवला, त्याचेच वक्तृत्व तेथे चालते.

म्हणून मोठ्या भेटीआधी चार कामे करावीत. त्या माणसाच्या हाताखालच्या लोकांशी बोलावे. त्याच्या खोलीतली पत्रे आणि रोजनिशी वाचावी, केवळ उचलून पिशवीत कोंबू नये. त्याचे कोणाशी बिनसले आहे, हे शोधावे. आणि तात्पुरती ताकद वाढवणाऱ्या वस्तू हाताशी ठेवाव्यात: ‘न्यू व्हेगस’मध्ये योग्य मासिक बोलण्याच्या क्षणभर आधी वाचले की स्पीच थोड्या वेळापुरते १० ने वाढते, आणि ४० वर अडलेले काम ५० च्या उंबरठ्यापलीकडे जाते. अशी मासिके सापडताक्षणी वाचून संपवणारे खेळाडू पुढे हळहळतात. मीही त्यांतलाच होतो.

पोशाखाचे भानही ठेवावे. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) हा १४०३ सालच्या बोहेमियात घडतो. त्यात लोहाराचा मुलगा हेन्री चिखलाने आणि रक्ताने माखलेल्या कपड्यांत सरदारापुढे गेला तर त्याच्या बोलण्याला मान मिळत नाही. न्हाणीघरात अंघोळ करून, कपडे धुऊन, चांगला अंगरखा घालून गेला तर तोच हेन्री वजनदार ठरतो. लग्नाच्या बोलणीला घरातली मंडळी इस्त्रीचे कपडे घालून का जातात, हे ज्याला कळते त्याला हा नियम वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

चौथी पायरी: संवादातला क्रम सांभाळावा

सर्वप्रथम, कोण बोलणार ते ठरवून त्यालाच पुढे चालवावे. एकट्याने खेळतानाही दार उघडण्याआधी बोलक्या पात्राची निवड करून मगच पाऊल टाकावे, कारण पुष्कळ संवाद कोणी ‘बोला’ न म्हणता आपोआप सुरू होतात. चौघे मिळून खेळत असाल तर पुढे धावणाऱ्यांना हे आधीच बजावावे.

कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो, शंका घेतो, दाखले देतो, आणि श्रोता पुरता आत आला की मग उत्तररंगात आख्यान लावतो. संवादही असाच चालवावा. कौशल्याची खूण असलेला पर्याय दिसला की लगेच त्यावर झडप घालू नये. आधी साधे, माहितीचे प्रश्न संपवावेत. त्या उत्तरांतून अनेकदा नवा पर्याय उघडतो आणि काही वेळा फासा टाकण्याची गरजच उरत नाही. खूण असलेले वाक्य म्हणजे सर्वांत शहाणे वाक्य, ही समजूतही सोडून द्यावी. ‘डिस्को एलिझियम’मध्ये तर नायकाची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात स्वतः बोलतात, आणि अधिकार गाजवायला सांगणारा आवाज कधीकधी त्याला भर चौकात हास्यास्पद करून सोडतो.

समोरचा माणूस कसा आहे, यावरून सूर निवडावा. ‘डेयस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’ने (२०११) ही गोष्ट थेट यंत्रात घातली आहे: संवादासाठीची एक सुधारणा शरीरात बसवली की समोरची व्यक्ती अल्फा, बीटा की ओमेगा स्वभावाची आहे याचे संकेत पडद्यावर झळकतात आणि त्यानुसार हाताळणी बदलावी लागते. इतर गेममध्ये असा दिवा नसतो, पण अंदाज तोच बांधायचा असतो. घाबरलेल्या माणसाला धीर हवा असतो, गर्विष्ठाला त्याचा फायदा दाखवावा लागतो, आणि जो निर्णय घेऊन बसला आहे त्याला त्याच्याच पूर्वीच्या शब्दांची आठवण करून द्यावी लागते. ‘न्यू व्हेगस’च्या शेवटी हूव्हर धरणावर उभ्या असलेल्या लेगेट लॅनियस या शत्रूच्या सेनापतीला युद्धाविना परत पाठवता येते, ते त्याच्या मनात दया उत्पन्न करून नव्हे, जिंकलेला मुलूख टिकवणे त्याच्या सैन्याला झेपणार नाही, हे त्याला पटवून. तेथे स्पीच १०० लागते, पण आकड्याइतकेच युक्तिवादाच्या पायऱ्यांकडे लक्ष द्यावे.

आपल्यासारख्यांसाठी येथे एक वेगळी अडचण असते. हे गेम इंग्रजीत आहेत, आणि ‘मास इफेक्ट’ किंवा ‘फॉलआउट ४’ (२०१५) सारख्या गेममध्ये पडद्यावर पूर्ण वाक्य न देता दोन-चार शब्दांचा सारांश दिलेला असतो. त्यातला उपरोध परभाषेत पटकन ध्यानात येत नाही. आपण सौम्य उत्तर दिले असे वाटते आणि पात्र तोंडावर टोमणा मारून मोकळे होते. ‘न्यू व्हेगस’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ संपूर्ण वाक्य दाखवतात, त्यामुळे सवय होईपर्यंत असेच गेम बरे. सबटायटल चालू ठेवावेत आणि घाई करू नये. बहुतेक संवादांत कोणी घड्याळ लावून बसलेले नसते.

पाचवी पायरी: दुसरे हत्यार जवळ ठेवावे

सारे पॉइंट जिभेवर लावणारा खेळाडू कधीतरी अशा जागी पोहोचतो जेथे बोलायला कोणीच नसते. ‘ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये संवाद आणि हॅकिंग यांवर भर दिलेल्यांना मोठ्या शत्रूंशी सक्तीने लढावे लागले आणि त्यावर इतकी नाराजी उमटली की २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या प्रसंगांना इतर मार्ग जोडले गेले. ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ (२००४) संवादासाठी आजही वाखाणला जातो, पण त्याचा उत्तरार्ध लढाईने भरलेला आहे. म्हणून ढोबळ मानाने तीनपैकी एक पॉइंट तरी जीव वाचवण्यासाठी राखावा. काही गेम येथे दिलदार आहेत. ‘द आउटर वर्ल्ड्स’ (२०१९) मध्ये मन वळवणे, थाप आणि धमकी ही तिन्ही ५० पर्यंत एकत्रच वाढतात आणि लढाईतही शत्रूवर त्यांचा परिणाम होतो. ‘बाल्डर्स गेट ३’चा बार्ड तर नुसती शिवी हासडून शत्रूला जखमी करतो आणि त्याचा पुढचा वार कच्चा पाडतो.

सहावी पायरी: फसलेला फासा पचवावा

एफ५ दाबून सेव्ह, बोलणे फिसकटले की एफ८ दाबून पुन्हा मागे. हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. एका संवादासाठी अकरा वेळा मागे गेल्यावर माझ्या लक्षात आले की त्या माणसाचे बोलणे मी केव्हाच ऐकेनासा झालो होतो, नुसता आकडा पाहत होतो. आमच्या खोलीतला नियम आता असा आहे की संवादासाठी मागे जायचे नाही. गेमने दिलेले इन्स्पिरेशन मात्र मोकळेपणाने वापरायचे. ते जास्तीत जास्त ४ साठवता येतात आणि प्रत्येकाने फासा पुन्हा टाकता येतो. चार साठल्यावर पाचवा वाया जातो, म्हणून कंजूषपणा करू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ऑनर मोडमध्ये तर एकच सेव्ह असतो, तेव्हा तेथे प्रश्नच मिटतो.

कोणते अपयश कायमचे आणि कोणते तात्पुरते, हे ‘डिस्को एलिझियम’ स्वच्छ सांगतो: पांढरी कसोटी कौशल्य वाढवून पुन्हा देता येते, लाल कसोटी एकदाच. दोन फाशांवर दोन्ही सहा पडले तर काहीही जमते आणि दोन्ही एक पडले तर काहीही फसते, म्हणून तेथे शक्यता कधी ३ टक्क्यांखाली किंवा ९७ टक्क्यांवर जात नाही. लाल कसोटीआधी कपडे बदलून आकडा वाढवावा, आणि तरीही फसले तर पुढे वाचत राहावे. त्या गेममधले काही उत्तम प्रसंग फसलेल्या फाशांनंतरच येतात.

कोठून सुरुवात करावी, असे नवे खेळाडू विचारतात. माझा क्रम असा आहे: आधी ‘न्यू व्हेगस’, कारण तेथे नशिबाला दोष देता येत नाही आणि तो साध्या लॅपटॉपवरही चालतो, मग मित्रांसोबत ‘बाल्डर्स गेट ३’, आणि इंग्रजी वाचनाचा हात बसला की ‘डिस्को एलिझियम’, तोही एकट्याने, रात्री, हेडफोन लावून. आमचा बार्ड सध्या नवव्या लेव्हलला आहे, आणि बार्बेरियन कोणत्याही दारापाशी आला की आधी विचारतो, “जाऊ का?”